दर पावसाळ्यानंतर ग्लायडरचा डावाच पंख का पडतो?

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते कळेल. रेडिओवर उडवायचं मॉडेल ग्लायडर डोंगराच्या कडेवरून सोडलं की वेगात असेपर्यंत व्यवस्थित चालतं. उतरवायला आणलं, किंवा वारं मंदावलं म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) जरासा ओढून सावकाश उडवायला गेलं, की डावा पंख एकदम खाली जातो आणि त्याच्यामागून नाक. उंची असेल तर सावरतं, नसेल तर कातळावर. एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा) ट्रिम, म्हणजे स्टिक मध्ये असताना ती पट्टी कुठे राहावी याची बारीक जुळवणी, दोन-चार टिचक्या सरकवला की त्या दिवसापुरतं बरं वाटतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मला हा त्रास सलग तीन वर्षं झाला, तिन्ही वेळा दिवाळीच्या आसपास, आणि तिन्ही वेळा डाव्याच पंखाला. त्यामुळे रोग एकच आहे असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीन वर्षांची तीन वेगळी कारणं निघाली. दुसऱ्या वर्षी मी पहिल्या वर्षाचं औषध देत बसलो आणि सहा आठवडे वाया घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

ग्लायडर माझं स्वतः बांधलेलं आहे. पंखांचा पसारा दोन मीटर, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), पुढच्या बाजूला बाल्साच्या पातळ पत्र्याचा डी-बॉक्स (बंद पोकळ पेटी), मागे नुसती फिल्म (उष्णतेने आकसून ताणली जाणारं प्लॅस्टिकचं आवरण). मुळाशी पंखाची रुंदी २०० मिमी, टोकाला १२० मिमी. पंखाचा छेद खालून जवळजवळ सपाट. एलेरॉन, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी), एलिव्हेटर असे तिन्ही कंट्रोल, तयार वजन ९०० ग्रॅम. पंख दोन तुकड्यांत सुटतो. मी सातारा-कास रस्त्यावरच्या सड्यांच्या (कातळी पठारांच्या) कडेवर उडवतो, उरमोडीच्या खोऱ्यातून नैर्ऋत्येचं वारं वर चढतं तिथे. खुद्द कासच्या पठारावर मात्र उडवत नाही, तुम्हीही उडवू नका. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं आहे, आणि पडलेलं ग्लायडर आणायला माणूस धावला की पायाखाली फुलंच येतात. चाळकेवाडीकडे वारं भरपूर असतं, पण पवनचक्क्यांच्या मागची हवा इतकी घुसळलेली असते की तिथे कुठलीही चाचणी खरी येत नाही.

आधी वारं की ग्लायडर, ते ठरवा

ही चाचणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, तरी बहुतेक जण ती करत नाहीत. मीही करत नव्हतो. कडेला समांतर एकदा डावीकडून उजवीकडे उडवा, एकदा उजवीकडून डावीकडे. एका फेरीत डोंगराच्या बाजूला डावा पंख असतो, दुसरीत उजवा. दोन्ही फेऱ्यांत डोंगराकडचाच पंख पडत असेल तर ग्लायडरमध्ये दोष नाही. कडेच्या फार जवळ वाऱ्याचा जोर पंखाच्या दोन टोकांना सारखा मिळत नाही, थोडं बाहेर खोऱ्याकडे सरका. दोन्ही फेऱ्यांत डावाच पडत असेल तर पुढे वाचा.

फेकण्याचंही तसंच. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या हातून ग्लायडर बऱ्याचदा किंचित तिरकं सुटतं आणि पहिल्या दोन सेकंदांत एका अंगाला झुकतं. एकदा दुसऱ्या कुणाला तरी फेकायला सांगा. झुकणं फेकण्यापुरतंच असेल तर विषय तिथेच संपला.

ट्रिम कोणत्या बाजूला आहे ते बघा

सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

वेगात सरळ उडण्यासाठी तुम्हाला एलेरॉनचा ट्रिम कोणत्या बाजूला द्यावा लागला, आणि वेग कमी झाल्यावर कोणता पंख पडतो, या दोन गोष्टी कागदावर शेजारी शेजारी लिहा.

डावा पंख जड असेल, तर ग्लायडर वेगातही डावीकडे झुकतं. तुम्ही ट्रिम उजवीकडे देता, म्हणजे डावा एलेरॉन किंचित खाली जातो. पंख पडतो तोही डावाच. म्हणजे ट्रिम उजवीकडे, पडतो डावा.

डावा पंख पिळवटलेला असेल, म्हणजे टोकाशी त्याची मागची कड खाली गेली असेल, तर तो पंख हवेला जास्त कोनात सामोरा जातो आणि जास्त उचलतो. वेगात ग्लायडर उजवीकडे झुकायला लागतं. तुम्ही ट्रिम डावीकडे देता. पण वेग कमी झाला की ज्या टोकाचा कोन आधीच जास्त आहे ते टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि ते उचलणं सोडतं, आणि ते डावं आहे. म्हणजे ट्रिम डावीकडे, पडतोही डावाच.

दोन्हीकडे लक्षण एकच, पण ट्रिमची बाजू उलट. दुसऱ्या वर्षी मी ट्रान्समीटरच्या पडद्यावर ही एक गोष्ट पाहिली असती तर सहा आठवडे वाचले असते.

आणखी एक फरक आहे. जड पंखाचा ओढा वेग बदलला तरी तेवढाच राहतो, पण एलेरॉनचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे सावकाश उडताना बरोबर बसलेला ट्रिम वेगात जास्त होतो आणि ग्लायडर उलट्या बाजूला झुकायला लागतं. पिळाचं तसं नाही. पिळाचा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो, म्हणून एकदा दिलेला ट्रिम स्टॉलपर्यंत सगळ्या वेगांना पुरतो आणि मग पंख एकदम दगा देतो. एका वेगाला बसलेला ट्रिम दुसऱ्या वेगाला बिघडत असेल तर वजनाचा संशय घ्या.

खात्री करायची असेल तर उंचावरून थोडा सूर मारून सरळ लूप घ्या, एलेरॉनला हात न लावता. लूपमध्ये सगळ्याच गोष्टींचं वजन काही पटींनी वाढतं, म्हणून जड पंख बाहेर खेचला जातो आणि लूप तिरका पडतो. पंख फक्त पिळलेला असेल आणि ट्रिम बसलेला असेल तर लूप बऱ्यापैकी सरळ येतो.

पहिलं वर्ष: वजन

उन्हाळ्यात डाव्या पंखाचं टोक झाडाला आपटून मोडलं होतं. मी ते इपॉक्सीने जोडलं, आत बाल्साचे तुकडे भरले, वर फायबर ग्लासची पट्टी मारली. जोड मजबूत झाला आणि मी खूश झालो. पण नंतर हिशोब केला. १२ ग्रॅम वाढले होते, मध्यापासून ८० सेंटिमीटरवर. ९०० ग्रॅमच्या ग्लायडरमध्ये एवढ्याने गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरहून जास्त डावीकडे सरकतो. पुढे-मागे आपण सीजी (हाच गुरुत्वमध्य) पाच मिलिमीटरने हलला तर झोप उडवून घेतो. डावीकडे-उजवीकडे मात्र कुणी बघतसुद्धा नाही.

तपासायला नाकाला आणि शेपटीच्या मुळाशी दोऱ्याचे फास घालून ग्लायडर आडव्या काठीला टांगा. पंखा बंद, खिडक्या बंद. एकदा सोडून समाधान मानू नका, आठ-दहा वेळा हलवून सोडा, कारण दोऱ्याच्या घर्षणामुळे एखाद्या वेळी ते खोटंच सरळ राहतं. जास्त वेळा जो पंख खाली जातो तो जड. मग हलक्या टोकाला चिकटपट्टीने एक रुपयाची नाणी लावत जा. २०११च्या मालिकेतलं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे वेगळा वजनकाटा लागत नाही. जितक्या नाण्यांनी बरोबर झालं तितकं शिसं टोकाच्या रिबेला आतून चिकटवा. मला तीन नाणी लागली. त्या वर्षी त्रास तिथे संपला.

जोडकामात वजन घालताना दुसऱ्या टोकाचा विचार तेव्हाच करावा, हे त्या वर्षी पक्कं झालं. आता मी टोकाकडे इपॉक्सी वापरतच नाही. सायनो (झटपट चिकटणारा पातळ गोंद) आणि बाल्सा, एवढ्यावरच भागवतो.

दुसरं वर्ष: पीळ

पावसाळ्यात ग्लायडर घरीच होतं. आमचं घर जुनं आहे आणि मागच्या खोलीच्या भिंतीला जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते. उजवा पंख कपाटावर आडवा ठेवला होता. जागा नव्हती म्हणून डावा पंख त्या भिंतीला टेकवून, टोकावर उभा केला. चार महिने तसाच होता.

ऑक्टोबरमध्ये डावा पंख पडायला लागला. मी म्हटलं, वजनच असणार, आणि पुन्हा नाणी लावत बसलो. एक वाढवलं, काढलं, दोन वाढवली. काही फरक पडेना. ट्रिम त्या वेळी डावीकडे होता आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

उलगडा झाला तो मिरजेत. माझे मामा तिथे राहतात, त्यांच्याबरोबर एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडे गेलो होतो. पंखाची गोष्ट काढली. ते कारागीर म्हणाले, "तुम्ही लाकूड भिंतीला लावलं आणि ते सरळ राहावं म्हणता? आमच्याकडे फळी वर्षानुवर्षं वाळते, तरी पावसाळ्यात आम्ही तिला भिंतीपासून लांब ठेवतो." लाकूड ओलावा घेतं तेव्हा लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रुंदीच्या दिशेने फुगतं. भिंतीकडची बाजू जास्त फुगली, फिल्म सैल पडली, पंखाने बाक घेतला. मग ऑक्टोबरच्या उन्हाने तो बाक तसाच वाळवून पक्का केला. बाल्सा तर हलकं आणि भरपूर पोकळ्यांचं लाकूड, ते पाणी पटकन पितं.

घरी येऊन मोजलं. त्यासाठी सपाट जागा हवी. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर काच आहे, ती चालली. कडप्प्याचा ओटासुद्धा चालतो, पण आधी स्टीलची पट्टी उभी धरून तो खरोखर सपाट आहे का ते पाहा. पंखाचा मुळाकडचा भाग काचेला पूर्ण टेकवा, वर तांदळाची पिशवी ठेवा म्हणजे उचलणार नाही. मग टोकाला मागची कड काचेपासून किती वर आहे ते मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. १२० मिमी रुंदीच्या टोकाला दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. मी बांधताना दोन्ही टोकांची मागची कड ४ मिमी वर ठेवली होती, म्हणजे जवळजवळ दोन अंशांचा वॉशआउट. उजवीकडे तो ४ मिमीच होता. डावीकडे मागची कड काचेला टेकली होती. वॉशआउट पूर्ण गेला होता.

वॉशआउट का ठेवतात, तेही सांगतो, कारण नवे बांधणारे बरेचदा तो गाळतात. माझं ग्लायडर सेकंदाला आठ मीटरने उडत असेल तर पंखाच्या मुळाशी रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि पंखाची रुंदी यांवरून हवा कशी वाहील ते सांगणारा) साधारण एक लाख असतो आणि टोकाशी साठ हजारांच्या आसपास. आकडा जितका लहान तितकी हवा पंखाच्या पाठीवरून लवकर सुटते. निमुळत्या पंखाचं टोक मुळातच आधी स्टॉल व्हायला टपलेलं असतं. टोकाचा कोन मुळापेक्षा थोडा कमी ठेवला की मूळ आधी स्टॉल होतं, नाक सरळ खाली जातं आणि पंख आडवा राहतो. सड्यावर १,२०० मीटरच्या आसपास हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-अकरा टक्के विरळ असते, त्यामुळे स्टॉलचा वेगही साधारण सहा टक्क्यांनी वाढतो. खाली मैदानात ज्या वेगाला ग्लायडर तरलं, तोच वेग वर कडेवर कमी पडू शकतो.

पीळ काढायला दोन माणसं लागतात. मी पंख धरला, आतेभावाने हीट गन. पंख उलट्या दिशेने, हवा त्यापेक्षा जास्त पिळायचा. मला ४ मिमी हवे होते, मी सहा-सातपर्यंत नेला. पिळल्याबरोबर फिल्मवर तिरक्या सुरकुत्या पडतात. त्याच सुरकुत्या उष्णतेने ओढून घ्यायच्या, आधी खालच्या बाजूच्या, मग वरच्या. गन एका जागी थांबवू नका, फिल्मला भोक पडतं आणि मग आख्खा पट्टा बदलावा लागतो. फिल्म पूर्ण थंड होईपर्यंत पंख सोडायचा नाही, हा धीर सगळ्यात महत्त्वाचा. सोडल्यावर थोडा मागे येतोच. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजायचा. मला दोन बैठका लागल्या.

हे फक्त फिल्मवाल्या उघड्या रिबांच्या पंखाला चालतं. पूर्ण पत्र्याने मढवलेल्या पंखात पीळ फिल्मने निघत नाही. साच्यातल्या ग्लास किंवा कार्बनच्या पंखाला उष्णता लावूच नका. ईपीओ फोमचा पंख खूप गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने मऊ करून वळवता येतो, पण घाई केली तर दाणे फुगून पृष्ठभाग खराब होतो.

आणि हो, उन्हात उभी केलेली गाडी. मार्च-एप्रिलमध्ये मागच्या काचेखाली ठेवलेला पंख तासाभरात पिळू शकतो, कारण उन्हाकडची फिल्म पुन्हा आकसते. पावसाळ्याला दोष देण्याआधी हेही आठवून पाहा.

तिसरं वर्ष: ढिलेपणा

या वेळी दोरा बरोबर, काच बरोबर, तरी पंख पडतो. फरक एवढाच होता की ट्रिम टिकत नव्हता. एका फेरीत उजवीकडे लागायचा, पुढच्या फेरीत डावीकडे. हे लक्षण दिसलं की वजन आणि पीळ दोन्ही सोडून द्या आणि जोडण्या बघा. रेडिओ चालू करून, स्टिक मध्ये ठेवून, एलेरॉनची मागची कड बोटाने हलकेच वर-खाली करा. माझी डावीकडची दीड मिलिमीटर हलत होती, उजवीकडची जवळजवळ नाही. हॉर्नचं (एलेरॉनवर बसवलेल्या छोट्या दांडीचं) भोक त्यात अडकणाऱ्या क्लेव्हिसच्या (सळईच्या टोकाच्या चिमट्याच्या) पिनेने झिजून लंबगोल झालं होतं. उडताना हवा एलेरॉनला वर ओढते, वेग कमी झाला की तो खाली बसतो, म्हणजे ट्रिम प्रत्येक वेगाला वेगळा. नवा हॉर्न लावला, क्लेव्हिसही बदलला, अर्ध्या तासाचं काम होतं. सर्वोच्या (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरमध्ये खेळ असेल तरी लक्षण हेच दिसतं. तेव्हा गिअर संच बदलावा लागतो.

पंख पडतोय तेव्हा हाताने काय करायचं

डावा पंख पडला की आपला हात आपोआप उजवा एलेरॉन देतो. त्याने डावा एलेरॉन खाली जातो, आणि जे टोक स्टॉल झालंय त्याचाच कोन आणखी वाढतो. पंख वाचण्याऐवजी गिरकी घेतो. माझे दोन नाकमोड अपघात याच हाताने झाले. आधी एलिव्हेटर सोडा, नाक खाली जाऊ द्या, आणि उजवा रडर द्या. वेग आल्यावर मग एलेरॉन. हे उंचावर मुद्दाम स्टॉल करून करून हाताला शिकवावं लागतं, वाचून येत नाही. शिवाय एलेरॉनमध्ये डिफरेन्शियल ठेवा, म्हणजे एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाऊ द्या. माझ्याकडे वर १२ मिमी आणि खाली ६ मिमी आहे. सीजी फार मागे असेल तर स्टॉल आणखी अचानक येतो. उथळ सूर मारून एलिव्हेटरची स्टिक मध्ये सोडा. ग्लायडर स्वतःहून आणखीच खाली जाऊ लागलं तर नाकात वजन वाढवा.

पावसाळ्यात पंख कसे ठेवतो

दोन्ही पंख आडवे, एकाच माळ्यावर, एकाच उंचीवर, प्रत्येकाला खाली तीन ठिकाणी सारख्या पट्ट्यांचा आधार. सुती पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण आत आलेली ओल तिथेच कोंडते. माळा स्वयंपाकघराच्या भिंतीचा निवडला, ती भिंत वर्षभर कोरडी असते. ओलसर दिवसांत नवीन पंख बांधायला घेत नाही. गणपतीत कापलेल्या रिबा कोजागिरीला वेगळ्याच मापाच्या भरतात.

खंडेनवमीला कटर, इस्त्री, हीट गन पुजायला बाहेर निघतात, तेव्हाच दोन्ही पंख काचेवर मोजून वहीत आकडे लिहितो, आणि दोऱ्याला टांगून वजनही बघतो. पहिलं उड्डाण त्यानंतर. यंदा उजवीकडे ४ मिमी भरले, डावीकडे साडेतीन. अर्ध्या मिलिमीटरसाठी हीट गन तापवली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी कडेवर ग्लायडर अगदी सावकाश ओढून स्टॉल केलं, तीनदा. तिन्ही वेळा नाक सरळ खाली गेलं.